माहेर नसलेल्यांचे माहेर

भाऊबीज जवळ आली की लेकी माहेरी निघतात. माहेराची मला एक गंमत वाटते. ते घर कायम राहण्यासाठी नसते. तेथून चार दिवसांनी परत जायचेच असते. तरीही 'आपल्याला जायला एक घर आहे' एवढ्या आधारावर बाई वर्षाचे वर्ष काढते. मग जिला असे घरच नाही आणि जी मुलांना घेऊन उंबरठ्याबाहेर पडली आहे, तिने कुठे जावे? 'तिची काहीतरी सोय व्हायला हवी,' असे आपण सारेच म्हणतो. पण सोय कसली, किती दिवसांची आणि कोणत्या अटींवर, हे ठरवू लागलो की आपल्या दयेची परीक्षा सुरू होते.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तेथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे. मूल न्यावे की तेथेच ठेवावे हे तिच्या खुशीवर, असे त्यांनी जाहीर केले होते. जिला डोक्यावरचे केस राखण्याचीही मुभा नव्हती, तिची खुशी कुणीतरी विचारली, हे मला निवाऱ्याइतकेच मोठे वाटते. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. त्या स्वतःच लहान मुलगी पदरी असलेल्या विधवा होत्या. 1896 साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पदरी एक मुलगा असलेल्या पार्वतीबाई आठवले शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या आणि त्यासाठी वर्गणी मागत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ज्या बाईला कालपर्यंत ओझे म्हटले जात होते, तिच्यावर संस्थेचा भार राहिला.

माझे एक स्नेही म्हणतात, "आयते घर मिळाले की माणूस आळसावतो. मुदत हवीच." मुदतीला माझी हरकत नाही. माहेरपणालाही मुदत असते. पण ती आईच्या कामावरून ठरावी, कचेरीच्या कॅलेंडरावरून नव्हे. तिला एखादे काम शिकायचे आहे, कोर्टाच्या तारखा सांभाळायच्या आहेत, डिपॉझिटपुरते पैसे साठवायचे आहेत आणि एकट्या बाईला खोली देणारा घरमालक गाठायचा आहे. शिवाय पोरांची शाळा मध्येच मोडू द्यायची नाही. एवढे झाल्यावर ती आपण होऊन निघेल. त्याआधी तिला काढले, तर जेथून ती पळून आली तेच दार तिला पुन्हा ठोठवावे लागते.

मुदतीपेक्षा मुलाच्या वयाची अट मला अधिक छळते. सरकारच्या स्वाधारगृह योजनेत आईबरोबर अविवाहित मुलगी 18 वर्षांपर्यंत राहू शके. मुलगा मात्र 8 वर्षांपर्यंतच. पुढे त्याची रवानगी बालगृहात. 2022 साली ही योजना 'शक्ती सदन' या नव्या योजनेत सामावली गेली. वयाचा आकडा बदलता येतो. पण तो कुठेही ठेवला तरी एक दिवस आई आत आणि मुलगा बाहेर, अशी वेळ येतेच.

ही अट दुष्टपणाने घातलेली नाही. पुरुषांच्या हातून सोसलेल्या बायका तेथे राहतात. त्यांना निर्धास्त झोप लागली पाहिजे. पण ज्या पोराने आईला मार खाताना पाहिले, तोच आता इतरांना धोका, हे त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि लेकाला सोडायचे नाही म्हणून आई रस्त्यावरच राहिली, तर तिला हट्टी कोणी म्हणावे?

मला वाटते, येथे दोन हक्कांचे भांडण नाही. भांडण आहे ते एका मोठ्या हॉलचे. सगळ्यांना एकाच छपराखाली ओळीने झोपवायचे ठरवले की कोणाला तरी वगळावेच लागते. त्याऐवजी प्रत्येक आईला मुलांसह एक लहानशी खोली दिली, तर शेजारणीची झोपही राहते आणि मायलेकांची ताटातूटही टळते. खर्च वाढेल, हे खरे. पण तो वाचवण्यासाठी एक कुटुंब मोडायचे असेल, तर तो हिशेब फायद्याचा आहे असे म्हणायला माझे मन धजत नाही.

त्या खोलीत फारसे काही नसले तरी चालेल. एक चूल, मुलांच्या दप्तरांना एक फळी, आणि दाराला आतून कडी. ती कडी केव्हा लावायची आणि केव्हा काढायची, एवढे मात्र तिचे तिला ठरवू द्यावे.