रस, ग्राही आणि वार्धक्य

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्याने शरीराचे बळ व बुद्धीची तरतरी परत आल्याचे निवेदन केले, तेव्हा अनेकांनी त्याची टवाळी केली. ती अगदीच अन्याय्य नव्हती, कारण त्या जलीय अर्कात संप्रेरक जवळजवळ उतरतच नव्हते. तथापि वार्धक्य म्हणजे रसांचा तुटवडा, सबब तूट बाहेरून भरून काढावी, ही समजूत त्या टवाळीला पुरून उरली, आणि १९४२ साली गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेल्या स्त्रीसंप्रेरकाच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या त्याही तिच्याच भरवशावर.

विचाराची दिशा बदलली ती शिकागोत. एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या एस्ट्रॅडिओल या स्त्रीसंप्रेरकाचा उंदरांच्या देहात माग काढला, तेव्हा रक्तावाटे सर्वत्र फिरणारे हे द्रव्य गर्भाशयासारख्या मोजक्याच ठिकाणी मुक्काम करते, कारण त्यास धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, तेथेच मुबलक असते, असे दिसून आले. सदरेतून हुकूम कितीही सुटोत, कचेरीत अंमल करणारा कोणी नसेल तर ते दप्तरातच पडून राहायचे! १९६८ मध्ये ब्रूस मॅकएवन यांना असा अंमलदार, पण ताणाच्या संप्रेरकाचा, मेंदूत, स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसमध्ये आढळला. आणि १९९० साली त्यांच्याच प्रयोगशाळेत कॅथरीन वुली यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की मादी उंदराच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्रात, स्त्रीसंप्रेरकाच्या चढउताराबरोबर, तेथील चेतापेशींच्या फांद्यांवरील बारीक काट्यांची दाटी एका दिवसात सुमारे ३० टक्क्यांनी घटते. स्थिर मानलेला प्रौढ मेंदू इतका चंचल असावा, हे मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत विस्मयकारक वाटते.

पुढे स्त्रीसंप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक हाती आले, १९९६ साली स्वीडनमध्ये त्याचा दुसरा प्रकारही सापडला, आणि जनुकातील एका अक्षराच्या पाठभेदांवरून कोणाची स्मृती वार्धक्यात ढळेल हे सांगता येईल, अशी उमेद बळावली. काही अभ्यासांत अल्झायमरच्या रुग्णांत हे पाठभेद अधिक आढळले, काहींत मुळीच नाही. एपीओई या वेगळ्या जनुकाच्या ई-४ रूपाचे अल्झायमरच्या धोक्यातील वजन मात्र १९९३ पासून वारंवार सिद्ध झाले आहे. दरम्यान २००३ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्त्रियांना संयुक्त संप्रेरके देऊन केलेल्या मोठ्या चाचणीत स्मृतिभ्रंश घटण्याऐवजी सुमारे दुपटीने वाढला, आणि तुटवड्याची जुनी समजूत पार मोडली. रस किती, यापेक्षा तो कोणत्या वयात पोहोचतो हा प्रश्न तेव्हापासून अधिक महत्त्वाचा ठरला, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

तेव्हा ग्राहीच्या पाठभेदाचा कागद पुढे ठेवून जो कोणी आपल्या म्हातारपणाचे भविष्य वर्तवील, त्याच्यावर वाचकांनी भरवसा ठेवू नये.