पटावरील रणांगण

युद्धाचा खेळ करावा काय, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. बुद्धिबळाला आपण नीतीचा प्रश्न कधीं विचारीत नाहीं; प्यादें मेलें म्हणून कोणी हळहळत नाहीं. परंतु त्या प्याद्याला गांव नसतें, सालहि नसतें. ज्या खेळांत हीं दोन्ही असतात, तेथें हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

प्रशियांत राइस्विट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं नकाशावर युद्ध खेळण्याची पद्धति बसविली. मुलानें ती १८२४ मध्यें प्रसिद्ध केली, व सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणांत तिचा उपयोग झाला. १९१३ मध्यें एच. जी. वेल्स यांनीं ‘लिटल वॉर्स’ लिहून छोट्या सैनिकांची लढाई घरांत आणली, आणि त्याच पुस्तकांत खऱ्या युद्धाचा मूर्खपणाहि दाखवून दिला. आज हौशी लोक इतिहासांतील एखादी सबंध मोहीम निवडून ती टेबलावर खेळतात.

अमेरिकन यादवी युद्धांतील ग्रिअर्सनची धाड या कामीं सोयीची आहे. १७ एप्रिल १८६३ रोजीं उत्तरेचा कर्नल बेंजामिन ग्रिअर्सन, जो पूर्वी संगीतशिक्षक होता, सुमारें १,७०० घोडेस्वारांनिशीं टेनेसींतील ला ग्रेंज येथून निघाला. २१ तारखेस त्यानें पाठलाग चुकविण्यासाठीं एक रेजिमेंट निराळ्या वाटेनें धाडली, २४ तारखेस न्यूटन स्टेशन येथें रेल्वे उद्ध्वस्त केली, आणि सबंध मिसिसिपी राज्य ओलांडून २ मे रोजीं लुइझियानांतील बॅटन रूज गांठलें. दक्षिणेचा सेनापति पेंबर्टन त्याच्या मागावर फौजा धाडीत असतांनाच, ३० एप्रिलला ग्रँटनें मिसिसिपी नदी ओलांडली.

हा खेळ पेंबर्टनच्या बाजूनें खेळून पाहावा. शत्रु कोठें आहे हें फक्त पंचाला ठाऊक. आपल्या हातीं परस्परविरोधी वार्ता, आणि घोडीं थकलेलीं. मग ज्याला आपण मूर्ख म्हणत होतों, त्याची अडचण कळूं लागते. घडलें तें अटळ होतें, हा इतिहासवाचकाचा अहंकार येथें गळून पडतो. हा लाभ लहान नव्हे.

पण खेळाला दोन्ही पक्षांस सारखी संधि द्यावी लागते. एरवीं तो खेळच नव्हे. इतिहासांत मात्र ते पक्ष सारखे नव्हते. १८६०च्या शिरगणतींत मिसिसिपीच्या सुमारें आठ लाख वस्तींपैकीं सवाचार लाखांहून अधिक माणसें गुलाम होतीं, आणि दक्षिण लढत होती ती ही गुलामगिरी टिकविण्यासाठीं. ग्रिअर्सनचें दळ जात असतां त्यांतील कित्येक मळे सोडून त्याच्या मागें चालूं लागले. पटावर त्यांना बहुधा जागा नसते. मिळालीच, तर दौडीचा वेग कमी करणारें ओझें म्हणून. सेनापतीच्या हिशेबांत जें ओझें, तोच त्या माणसांच्या आयुष्यांतील मुक्तीचा दिवस होता.

म्हणून दक्षिणेची बाजू कोणी खेळूंच नये काय? तसें मला वाटत नाहीं. दुर्योधनाची भूमिका करणारा नट दुर्योधन होत नाहीं. भेद इतकाच कीं नाटक दुर्योधनाचा न्याय करतें. खेळ केवळ गुण मोजतो. निःपक्षपात हा पंचाचा धर्म असला, तरी त्यालाच न्याय समजणें ही मोठी भूल होय. फांसे व नियम, कोण जिंकलें एवढेंच सांगूं शकतात. कोणाचें जिंकणें इष्ट होतें, या प्रश्नाचें उत्तर खेळणाऱ्यानें स्वतःपाशीं बाळगलें पाहिजे. तें असलें तर खेळांत पाप नाहीं, आणि नसलें तर नुसत्या इतिहासवाचनानेंहि तें येणार नाहीं.