मोजमापाची मर्यादा

वृक्ष किती उंच, किती जुना, हे जाणण्याची इच्छा निर्मळ असते. नोंद असली म्हणजे रक्षणाची मागणी करता येते. परंतु जे जाणले ते सर्वच सांगणे, हे कर्तव्य आहे काय?

कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानात २००६ साली ‘हायपेरियन’ हा वृक्ष आढळला. शेंड्यावरून फीत सोडून मोजल्यावर त्याची उंची ११५.५५ मीटर भरली. ज्ञात जिवंत वृक्षांत तो सर्वांत उंच ठरला. शोधकांनी ठिकाण गुप्त ठेवले, तरी पुढे ते फुटले. मग वाट नसलेल्या त्या अरण्यात हौशी लोकांनी वाटा पाडल्या. बुंध्याजवळचे नेचे तुडवले गेले. अखेर २०२२ मध्ये उद्यानाने तेथे जाण्यास बंदी घातली.

उंचीचा आकडा जाहीर झाल्याने वृक्षाचे काही बिघडत नाही. पत्ता जाहीर झाल्याने बिघडते. ज्ञान सर्वांचे, हे तत्त्व मान्यच आहे. पण ज्याच्याविषयी ते ज्ञान आहे, त्याला जागा सोडून जाता येत नाही, याचे भान नोंद करणाऱ्याने ठेवावयास हवे. आपल्या देवराईतील झाडाची उंची कोणी विचारीत नसे. तोडबंदीचा नियम मात्र साऱ्या गावाला ठाऊक असे. नोंदवहीत मापाशेजारी अशा नियमालाही जागा असावी.