पोच कुणी द्यायची?

"फोटो अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा काढा."

हे वाक्य माझं आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या ऑफिसात बसून मी ते एका अ‍ॅपसाठी लिहिलं. वाहतूक कंपन्या ते अ‍ॅप ट्रक ड्रायव्हरना देतात. माल उतरवला की पोचपावतीचा फोटो काढायचा आणि अपलोड करायचा, एवढंच त्या स्क्रीनचं काम.

ते वाक्य प्रत्यक्ष रस्त्यावर मी पहिल्यांदा पाहिलं गेल्या डिसेंबरात. रात्रीचे साडेअकरा, बंगळुरूच्या अलीकडे नेलमंगल, एका गोदामाबाहेर उभा ट्रक. ट्रक माझ्या मामांचा. मला मित्राच्या लग्नाला बंगळुरूला जायचं होतं आणि मामा चाकणहून माल भरून निघाले होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये होतो. त्यांच्या फोनवरचं अ‍ॅप ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावाचं, त्यांच्याच रंगाचं. ते आतून आमचं आहे, हे मला स्क्रीनवरचं वाक्य वाचून कळलं.

ट्रक म्हणजे डिझेल आणि टायर असं आपल्याला वाटतं. मामांच्या सीटमागे प्लॅस्टिकची एक जाड फाइल असते. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, नॅशनल परमिट, पीयूसी. त्यावर प्रत्येक फेरीचे वेगळे कागद: इनव्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके गेले. 1 एप्रिल 2018 पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पन्नास हजारांच्या वरचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागू झालं. त्याला मुदत असते, साधारण दर 200 किलोमीटरला एक दिवस. पुणे ते बंगळुरू साधारण 840 किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर नव्या गाडीचा नंबर त्या बिलात भरावा लागतो. मुदत संपत आली तर ती वाढवून घ्यावी लागते.

नियमानुसार ई-वे बिलाचा नुसता नंबर असला तरी चालतो. गाडीची कागदपत्रं डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवलेली 2018 पासून ग्राह्य आहेत. तरीही मामा निघण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सगळं प्रिंट करून घेतात. मी त्यांना म्हटलं, "मामा, हे सगळं मोबाईलवर चालतं की आता."

"चालतं रे. पण मोबाईल दाखवायचा म्हणजे मोबाईल त्याच्या हातात द्यायचा. कागद दिला तर कागदच जातो."

आम्ही फोनमध्ये सगळं आणलं की माणसाचं ओझं कमी झालं असं धरून चालतो. रस्त्याकडेला अडवून कुणी फोन मागतो, तेव्हा त्याच फोनमध्ये तुमचे पैसे, घरच्यांचे नंबर, बायकोचे मेसेज असतात. हे आमच्या एकाही मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं. मीही नाही.

आता त्या रात्रीकडे येतो. आम्ही सकाळी नऊला गोदामाच्या गेटवर पोचलो. नंबर लागला संध्याकाळी सातला. माल उतरवून, मोजून, बिल्टीच्या मागे शिक्का आणि सही मिळायला साडेदहा वाजले. ही सही-शिक्क्याची बिल्टी म्हणजे पोच. भाड्याचा बराचसा भाग निघताना अ‍ॅडव्हान्स मिळतो, उरलेला पोच जमा झाल्यावर. आमच्या अ‍ॅपमध्ये त्यात आणखी एक गाठ होती: पोच अपलोड झाल्याशिवाय ट्रिप बंद होत नाही आणि ट्रिप बंद झाल्याशिवाय परतीचा माल मिळत नाही.

मामांनी सात वेळा फोटो काढला. केबिनमधला दिवा लावून, बॅटरी लावून, बिल्टी सीटवर ठेवून, मग मला धरायला लावून. सातही वेळा माझं वाक्य आलं. बिल्टी वाचता येत होती. सही दिसत होती, जांभळा शिक्का दिसत होता.

मला कारण माहीत होतं. फोटो धूसर आहे का हे आमचा प्रोग्रॅम असं ठरवतो: चित्रात कडा किती तीव्र आहेत ते मोजायचं आणि आकडा ठरावीक मर्यादेखाली आला की फोटो नाकारायचा. ती मर्यादा आम्ही ऑफिसातल्या ट्यूबलाइटखाली, लेझर प्रिंटरवर छापलेल्या नमुन्यांवर ठरवली होती. मामांच्या हातात होती कार्बनखालची शेवटची, सगळ्यात फिकट प्रत. फिकट अक्षरांच्या कडा मुळातच मंद असतात, त्यामुळे फोटो स्पष्ट असूनही आकडा कमी येतो. प्रोग्रॅमला फिकट आणि धूसर यांतला फरक कळत नव्हता. आणि मेसेज मात्र असा होता की जणू मामांचा हात हलला.

शेवटी शेजारच्या ट्रकवाल्याला हेडलाइट लावायची विनंती केली. त्या उजेडात, काळ्या रेक्झिनवर बिल्टी ठेवून, तिरका फोटो मी काढला. तो गेला. पाऊण वाजला होता. कोल्हापूरचा परतीचा माल तोवर दुसऱ्या गाडीला मिळाला होता. मामांना तिथे आणखी दीड दिवस थांबावं लागलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू इंजिनिअर म्हणून घेतला त्यानं."

पुण्याला परतल्यावर मी मॅनेजरशी बोललो. तो वाईट माणूस नाही आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. वाचता न येणारे फोटो यायचे, ग्राहक बिलं अडवायचे. काही ठिकाणी खोटे शिक्केही सापडले होते. "पुरावा मागायचाच नाही का मग?" त्याने विचारलं. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर बरेच दिवस मी त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिलो.

इंजिनिअरिंगला तत्त्वज्ञान नव्हतं, जे वाचलं ते नंतर. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे म्हणतो की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे कुळ, प्रतिष्ठा पाहायची नाही. पाहिलंय का आणि खरं सांगतोय का, एवढंच बघायचं. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. ज्याचा शब्द चालतो तो आपला माणूस, बाकीच्यांनी कागद आणावा.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी 2007 च्या 'एपिस्टेमिक इनजस्टिस' या पुस्तकात याच गोष्टीला अन्याय म्हटलंय. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे एखाद्याच्या बोलण्याला कमी विश्वास मिळतो, तेव्हा जाणणारा माणूस म्हणूनच त्याच्यावर अन्याय होतो. माल पोचला हे मामांइतकं कुणाला माहीत होतं? पण त्यांचं सांगणं आमच्या अ‍ॅपमध्ये भरायला जागाच नव्हती. तिथे फक्त फोटोची जागा होती.

म्हणून कागद फेकून द्या असं मी म्हणेन, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मामांना हे पटलं नाही. एकदा उतरवून घेणाऱ्यांनी तीन पेट्या कमी आल्याचं सांगितलं होतं. गेटवर मोजून मारलेल्या शिक्क्याने त्यांना वाचवलं, नाहीतर पैसे भाड्यातून कापले गेले असते. "माझं कोण ऐकतंय? कागद होता म्हणून ऐकलं," ते म्हणाले. ज्याचा शब्द चालत नाही, त्याला कागद जास्त लागतो. पुरावा रद्द करणं ही त्याच्यावरची मेहेरबानी ठरत नाही.

मग चूक कुठे आहे? मला वाटतं, पुरावा एकाच दिशेने मागितला जातो, तिथे. मामांनी माल दिला याची पोच आहे. पण ते सकाळी नऊपासून गेटवर उभे होते याची पोच कुठेय? वाहतुकीत उभं राहण्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, मागता येतं. पण गेटवर आल्याची वेळ लिहून द्यायला तिथे कुणी बांधील नव्हतं, आणि आमच्या अ‍ॅपमध्येही तशी नोंद करायची सोय नव्हती. त्यांनी सात वेळा फोटो काढला याची नोंद आमच्याकडे होती, पण 'नाकारलेले फोटो' या खात्यात. महिन्याच्या अहवालात तो आकडा वाढला की आमची तपासणी चांगली चाललीय असं आम्ही समजायचो.

मॅनेजरच्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर असं आहे. पुरावा मागावा. पण जो मागतो त्याच्यावरही काही येतं. नाकारायचं असेल तर खरं कारण सांगायचं. शंका मिटेपर्यंतचा तोटा पुरावा देणाऱ्याच्याच माथी मारायचा नाही. आणि ज्याच्याकडून पोच घेतो, त्याच्या कामाची पोच त्यालाही द्यायची. नाहीतर तो पुरावा राहत नाही, नुसता धाक होतो. शिवाय मूळ बिल्टी शेवटी फाइलमधून ऑफिसात जातेच. मग फोटोसाठी माणसाची रात्र अडवून आम्ही नक्की काय सांभाळत होतो?

मराठीत पोच या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. समज. "त्याला पोच नाही" असं आपण म्हणतो. ते वाक्य लिहिताना मला ती नव्हती. मी तेव्हा एकदाही ट्रकच्या केबिनमध्ये बसलो नव्हतो.

मॅनेजरशी दोन महिने वाद घातल्यावर एक बदल झाला. आता फोटो शंकास्पद वाटला तरी अ‍ॅप तो घेतं, ट्रिप बंद करतं आणि ऑफिसातला माणूस सकाळी तो बघतो. फिकट प्रतीला फिकटच म्हटलं जातं. दुसरा बदल अजून झालेला नाही: गेटवर पोचल्याची वेळ ठिकाणासह नोंदवणारं बटण. मी ते लिहून ठेवलंय, चाचणीही केलीय. पण ते दिलं तर ड्रायव्हर हॉल्टिंग मागतील, असं ग्राहकांचं म्हणणं आहे. त्यांचा अंदाज अगदी बरोबर आहे. बटण त्यासाठीच आहे.

मामांचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो. आईची चौकशी करतात, माझ्या लग्नाचं विचारतात आणि शेवटी म्हणतात, "आलं का रे ते बटण?"

मी म्हणतो, "अजून नाही, मामा."

"बरं," म्हणतात, आणि फोन ठेवतात.