दादाला आकडे दे, पाहुण्यांना काम सांग

चि. मुक्ता हिस,


हिंजवडीची नोकरी सोडून ऑप्शन्सचं काम पूर्णवेळ करायचं, हे तू ठरवून मोकळी झालीस. त्यावर आता मी मत देण्यात अर्थ नाही. तू विचारलंयस ते निराळंच: येत्या लग्नसराईत चारही बाजूंनी 'सध्या काय करतेस गं?' असं येणार, तेव्हा काय सांगायचं? दलाल स्ट्रीटवर एका ब्रोकरकडे हिशेब जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यानंतर डोंबिवलीच्या घरात बसून स्वतःच्या पैशावर मी हाच धंदा करते आहे, त्यामुळे या प्रश्नाची मला चांगली ओळख आहे.

या धंद्यात नव्याने आलेली बहुतेक मंडळी नेमकं उलटं वागतात. परक्यांना नफ्याचे आकडे सांगतात, मोबाइलवर हिरवा स्क्रीनशॉट दाखवतात. आणि घरी आईवडिलांनी विचारलं की 'सगळं व्यवस्थित आहे, काळजी करू नका' म्हणून उठून जातात. तू याच्या बरोब्बर उलट कर. बाहेरच्यांना काम समजावून सांग, आकडा एकही नको. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, आकडे दे. समजावून सांगायची घाई त्याच्या बाबतीत करू नकोस.

आधी बाहेरच्यांचं. लग्नातल्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंना 'डेरिव्हेटिव्ह्ज' म्हटलंस की त्या मठ्ठ्याकडे वळतील आणि 'शेअर बाजार' म्हटलंस की लगेच टिप मागतील. मी सांगते ते असं: मी विमा विकते, पण माणसांचा किंवा गाड्यांचा नाही, बाजार पडण्याचा. ज्याला वाटतं की निफ्टी येत्या आठवड्यात बराच खाली जाईल, तो पुट घेतो आणि त्याचा प्रीमियम भरतो. तो पुट मी विकलेला असतो. आठवडा शांत गेला तर प्रीमियम माझा; बाजार कोसळला तर भरपाई मी द्यायची. विमा कंपनी जशी मोठ्या जोखमीसाठी दुसरीकडे विमा उतरवते, तसा मीही आणखी खालचा एक पुट विकत घेऊन ठेवते, म्हणजे भरपाईला कुठेतरी मर्यादा राहते. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस हमखास विचारतो, 'मग कोसळतो का कधी?' तेव्हा ४ जून २०२४ ची गोष्ट सांगायची. लोकसभेचा निकाल होता. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या भरवशावर निफ्टी सव्वातीन टक्के वर गेला होता, आणि निकालाच्या एका दिवसात जवळजवळ सहा टक्के आपटला. सोमवारी ज्यांनी 'आता काय पडतंय' म्हणून उघडे पुट विकले होते त्यांची मंगळवारी दुपारपर्यंत काय गत झाली असेल, हे काकूंनाही कळतं. हा भाग सांगायचा टाळू नकोस. धोका आधी सांगितला की माणसं तुला हुशारही समजत नाहीत आणि वेडीही समजत नाहीत, नुसती ऐकून घेतात. आपल्याला तेवढंच हवं असतं.

'पण दिवसभर करतेस काय?' याचं उत्तर देणं जास्त अवघड आहे, कारण खरं उत्तर 'बहुतेक वेळ काही नाही' असं आहे. नऊला प्री-ओपन, सव्वानऊला बाजार सुरू, साडेतीनला बंद. त्यात प्रत्यक्ष सौदे करायची मिनिटं थोडी. उरलेला वेळ आपण आधी लिहून ठेवलेल्या भावाला किंमत पोचते का ते बघायचं, आणि पोचली नाही तर हात आवरायचा. बाईमाणूस घरात बसून हे करत असेल तर भोवतालच्यांना ती रिकामीच दिसते. सोसायटीचा प्लंबर सव्वानऊला बेल वाजवतो, शेजारच्यांचं पार्सल माझ्याकडे येतं, गॅसचा सिलिंडर कुणाचाही असो, सही माझी. यावर उपाय एकच, वेळ सांगायची. 'मला साडेतीनपर्यंत काम आहे' हे वाक्य नोकरदार माणसाच्या ठसक्यात म्हणायला शीक. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी आता मंगळवारी असते. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मंगळवारी दुपारी आलं तर मी साडेचारनंतर जाते आणि कैरीची डाळ संपली असेल तर मुकाट्याने पन्ह्यावर भागवते. सुरुवातीला बायका रुसल्या. आता मलाच फोन करून 'तुमचा मंगळवार आहे ना?' विचारतात.

टिप मागणाऱ्यांना मी म्हणते, 'मी शेअर निवडत नाही, त्यातलं मला कळत नाही.' हे खरंच आहे. निर्देशांकाचे ऑप्शन करणाऱ्या माणसाला एखाद्या कंपनीचा ताळेबंद कळलाच पाहिजे असं नाही. तरीही कुणी पिच्छा सोडत नसेल तर लक्षात ठेव, दिलेली टिप चालली तर तो माणूस स्वतःच्या अकलेचं कौतुक करतो आणि चुकली तर तुझं नाव पार बेळगावपर्यंत पोचतं.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'माझेही पाच लाख फिरव ना.' हे जवळची माणसं म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि म्हणूनच नकार देणं जड जातं. पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा तर पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून वेगळी नोंदणी लागते, आणि तिथेही ग्राहकाकडून किमान ५० लाख घ्यावे लागतात. तेव्हा 'मामा, ते कायद्यात बसत नाही' म्हण आणि विषय बदल. कायद्याचं हे कारण आयतं मिळालंय, ते वापर. ते नसतं तरी माझं सांगणं हेच राहिलं असतं. स्वतःच्या पैशावर तोटा सोसताना माणूस वेळेवर सौदा कापतो. मामाच्या पैशावर मात्र मामाचा चेहरा आठवतो आणि हात थांबतो.

तुझ्या ऑफिसातले जुने सोबती मात्र वेगळ्या कारणाने विचारतील. त्यांनाही राजीनामा द्यायचाय. 'किती सुटतात?' या त्यांच्या प्रश्नाच्या पोटात 'मलाही जमेल का?' हा प्रश्न असतो. त्यांच्यापुढे स्वतःचा आकडा ठेवणं म्हणजे त्यांना खड्ड्यात ढकलणं. तुझा आकडा चांगला असला तर तो भुरळ पाडेल, आणि वाईट असला तर 'हिला जमलं नाही, आपल्याला जमेल' असं वाटेल. त्यांना सेबीचे आकडे सांग. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर, माणशी सरासरी दोन लाख. खर्च वजा जाता लाखाहून जास्त नफा कमावणारे एक टक्का. नियम कडक झाल्यावर २०२४-२५ मध्येही तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. मग पैसा गेला कुणाकडे? सेबीच्या त्या तीन वर्षांच्या अभ्यासात त्याचंही उत्तर आहे: मोठ्या प्रॉप्रायटरी ट्रेडर्सकडे आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांकडे, आणि त्यांचा जवळपास सगळा नफा अल्गोरिदमच्या सौद्यांतला. म्हणजे आपल्या समोर बसलेला माणूस नाहीच, यंत्र आहे, आणि ते चहाला उठत नाही. हे आकडे तू स्वतःहून सांग. दुसऱ्या कुणी वर्तमानपत्राचं कात्रण पुढे करण्याची वाट बघू नकोस.

फॉर्ममधल्या 'व्यवसाय' या रकान्याची धास्ती घेऊ नकोस. 'स्वतःचा व्यवसाय' असं लिही, ते धडधडीत खरं आहे. एक्स्चेंजवरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सचं उत्पन्न प्राप्तिकराच्या हिशेबात व्यवसायाचं उत्पन्न धरतात, सट्ट्याचं नाही; सट्ट्यात शेअर्सचं इंट्राडे येतं. विवरणपत्र आयटीआर-३. इंटरनेटचं बिल, संगणकाचा घसारा खर्चात टाकता येतो, आणि तोटा झाला तरी विवरण मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो. बँकेत गृहकर्जाला गेलीस तर तिथला अधिकारी तुझं काम समजून घेण्याच्या फंदात पडणार नाही, विवरणपत्रं मागेल. ती नीट असू देत. स्थळाकडच्या मंडळींनाही हेच सांग, 'व्यवसाय करते, विवरण भरते.' त्याउपर त्यांनी 'पण नोकरी नाही ना?' असं दुसऱ्यांदा विचारलं तर मी तरी त्या घरात पोहे खाऊन परत आले असते.

आता दादा. तो 'जुगार' म्हणाला म्हणून तुला लागलं, आणि तू त्याला कायदा ऐकवलास: पैजेचा करार १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टनुसार रद्दबातल असतो, पण मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे डेरिव्हेटिव्ह करार वेगळ्या कलमाने वैध ठरवले आहेत, वगैरे. मुद्दा बिनचूक होता. पण त्याने कायदा विचारलाच नव्हता. तुझे आजोबा सांगलीला हळदीच्या पेठेत दिवाणजी होते, हे तुला ऐकून माहीत आहे. दादाने तो काळ पाहिलाय. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं असत, त्यांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. माल पेवात आणि भाव पेठेत, अशी वाट बघणं चालायचं. हळदीचे वायदेही सांगलीत व्हायचे, त्यासाठी रीतसर एक्स्चेंज होतं. म्हणजे तुझा धंदा आपल्या घराला अगदी अनोळखी नाही. पण त्याच पेठेतलं एक भरलेलं घर मंदीत सापडून रिकामं होताना दादाने लहानपणी पाहिलंय. आधी मोटार गेली, मग वाडा, मग मुलांची शाळा बदलली. बाहेरच्या कुणालाच, अगदी घरातल्या बाईलासुद्धा, शेवटच्या महिन्यापर्यंत काही माहीत नव्हतं. दादा जुगार म्हणतो तेव्हा त्याला ते न कळणं आठवत असतं.

म्हणून त्याला एक कागद दे. खरोखरचा कागद, हाताने लिहिलेला. वर लिही की धंद्यातलं भांडवल एवढं, वेगळ्या खात्यात आहे, आणि त्यात कर्जाचा एक रुपया नाही. त्याखाली, दीड वर्षाचा घरखर्च मुदतठेवीत आहे, ठेव अमुक बँकेत. आरोग्यविमा आता कंपनीचा राहिला नाही, स्वतःचा घेतलाय, त्याचा हप्ता अमुक तारखेला. एका लॉटचा करार पंधरा लाखांच्या वरचा असतो हे त्याला कुठून तरी कळेलच आणि तो दचकेल. तेव्हा एका सौद्यात जास्तीत जास्त किती जाऊ शकतं तेही रुपयांत लिही, टक्क्यांत नको. आणि शेवटी ती ओळ लिही जी लिहायला तुला सगळ्यात जड जाईल: भांडवल इतक्यावर आलं की मी थांबेन आणि नोकरी शोधेन. त्या आकड्याखाली सही कर. सही करताना हात अडखळला तर कागद दादाला देऊ नकोस, आधी आकडा बदल, किंवा नोकरी सोडल्याचा पुन्हा विचार कर. तो आकडा माझ्याही कपाटात आहे, यांनी तो पाहिलेला आहे.

रोजचा हिशेब मात्र त्यालाही द्यायचा नाही. 'आज किती?' या प्रश्नाला घरात मज्जाव असू दे. नफ्याच्या दिवशी तू उत्साहाने सांगितलंस तर तोट्याच्या दिवशी तुझं गप्प राहणंच सगळं सांगून जाईल, आणि जेवणाच्या ताटावर तोच विषय बसेल. तिमाहीला एकदा त्या कागदाची नवी प्रत दे, ब्रोकरचं स्टेटमेंट जोडून. वाईट तिमाहीची प्रत वेळेवर पोचली की दादाचा जीव भांड्यात पडेल, चांगल्या तिमाहीच्या प्रतीने नाही. हे तुला आत्ता विचित्र वाटेल.

तुझ्या आईला यातलं काही समजावू नकोस, ती तुझ्याआधी समजली आहे. मागच्या आठवड्यात मला फोन करून विचारत होती की मुक्ताला साडेतीनपर्यंत जेवायला उठता येतं का. येतं म्हणून सांगितलंय, तेव्हा उठत जा.

कागद पोचला की दादा मला फोन करणार, त्यात शंका नाही. त्याला सांग, मंगळवार सोडून कर.

तुझी,
आत्या