कारण आणि सबब

इंग्रजीतील ‘रॅशनलायझेशन’ हा शब्द आता सुशिक्षितांच्या मराठी बोलण्यातही येऊ लागला आहे. ‘रॅशनल’ म्हणजे बुद्धीला धरून असलेले. त्यावरून या शब्दाचा अर्थ ‘एखादी गोष्ट बुद्धीला धरून करणे’ असा व्हावयास हवा. प्रत्यक्षात तो तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरला जातो, आणि त्यांतील तिसरा अर्थ प्रत्येक ईमानधारकाने स्वतःच्या मनाशी पडताळून पाहावा असा आहे.

पहिला अर्थ गणितातला. शाळेत आपली मुले ‘छेदाचे परिमेयीकरण’ शिकतात. छेदात वर्गमूळ असेल, तर अंश व छेद यांना योग्य संख्येने गुणून ते काढून टाकतात. अपूर्णांकाचे रूप बदलते, किंमत मात्र तीच राहते.

दुसरा अर्थ उद्योगातला. मुंबईच्या कापडगिरण्यांत 1920 नंतरच्या दशकात मालकांनी कामाची नवी आखणी सुरू केली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, अशी ती योजना होती. मालकांच्या हिशोबाने ते बुद्धिसंगत होते. कामगारांना मात्र दिसत होते की काम वाढणार आणि अनेकांची भाकरी जाणार. 1928 साली सुमारे दीड लाख कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, त्याच्या प्रमुख कारणांत हेही एक होते. ज्याला लाभ होतो त्याला एखादी योजना सहज पटते. जो भार वाहतो त्याला विचारले, तरच तिचे खरे रूप कळते.

आपले अमळनेर गिरणीचेही गाव आणि तत्त्वज्ञानाचेही. श्रीमंत प्रताप शेठ यांनी येथे कापडगिरणी उभारली आणि 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही स्थापन केले. बुद्धी नफ्याच्या हिशोबालाही लागते व सत्याच्या शोधालाही, हे या गावाने जवळून पाहिले आहे. पण बुद्धीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो घराघरांत चालतो.

तोच या शब्दाचा तिसरा अर्थ. अर्नेस्ट जोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1908 साली एका निबंधात तो मांडला. माणूस एखादी गोष्ट खऱ्या हेतूने करतो, तो हेतू स्वतःपासूनही लपवतो, आणि मग त्या कृत्याला शोभेल असे कारण शोधतो. तो इतरांशी खोटे बोलत असतोच असे नाही. आधी त्याने स्वतःलाच पटवलेले असते. आपल्या भाषेत याला ‘सबब’ म्हणता येईल. कारण निर्णयाच्या आधी येते. सबब निर्णयाच्या मागून येते.

वाचक बंधू-भगिनींनो, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या शेतजमिनीत आहे. वडिलांचे निधन होते. काही दिवसांत बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले जाते, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते आणि सातबारा उताऱ्यावर फक्त भावांची नावे राहतात. कोणी विचारलेच, तर उत्तरे तयार असतात: तिच्या लग्नात एवढा खर्च केला, ती सुखवस्तू घरात आहे, ईदला साडीचोळी करतोच, तिनेच खुशीने सोडले.

ही उत्तरे एकेक करून तपासू या. लग्नाचा खर्च वारशातून वजा करावा, असे शरीअतने कोठेही सांगितलेले नाही. आणि भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्शातून कोणी वजा करीत नाही. बहीण सुखवस्तू असल्याने तिचा हक्क नाहीसा होत असेल, तर सधन भावाचाही व्हावयास हवा. साडीचोळी ही भेट आहे. हक्काची परतफेड भेटीने होत नाही. राहिली खुशी. माहेर तुटेल या भीतीने दिलेली संमती खुशीची असते काय? म्हणूनच अनेक उलमा सांगतात की आधी तिचा हिस्सा तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने स्वेच्छेने काही दिले, तर ती गोष्ट वेगळी.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत स्पष्ट केले आहे की आईवडिलांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत, ती थोडी असो वा फार, स्त्रियांचाही ठरलेला वाटा आहे. कर्ज व वसीयत फेडल्यावर एक भाऊ व एक बहीण एवढेच वारस उरले, तर नऊ एकरांपैकी सहा एकर भावाचे व तीन बहिणीचे. पुढे या वाटण्यांना अल्लाहने ठरविलेल्या मर्यादा म्हटले आहे. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या भावाने सर्व संपत्ती घेतली. विधवा पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. प्रेषितांनी मुलींना दोनतृतीयांश, आईला अष्टमांश आणि उरलेले भावाला देवविले.

सबब कशी जन्मते, हे सूरह यूसुफमध्ये दिसते. भावांनी आधी हजरत यूसुफ (अ.) यांना दूर करण्याचे ठरविले, आणि त्याच वेळी नंतर आपण सदाचारी होऊ, असे मनाला समजावले. हजरत याकूब (अ.) यांनी त्यांची हकीकत ऐकताच ओळखले की त्यांच्या नफ्सने एक वाईट गोष्ट त्यांना गोड करून दाखविली आहे. येथेही प्रश्न भावंडांचाच होता. आणि सूरह कियामह सांगते की मनुष्य कितीही सबबी पुढे करो, तो स्वतःच स्वतःविरुद्धचा साक्षीदार आहे.

याउलट हजरत काब बिन मालिक (रजि.) यांचे उदाहरण घ्या. तबूकच्या मोहिमेला न गेलेले ऐंशीहून अधिक लोक सबबी सांगून मोकळे झाले. काब (रजि.) उत्तम वक्ते होते, त्यांनाही सबब सुचली असती. त्यांनी खरे सांगितले, पन्नास रात्री बहिष्कार सोसला आणि त्यांची तौबा कबूल झाली.

तेव्हा आपणही स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे कारण मला निर्णयाआधी सुचले की नंतर? बहिणीच्या जागी मी असतो, तर ते मला पटले असते काय? ज्याच्यावर भार पडतो, त्याला निर्भयपणे बोलू दिले आहे काय? उत्तर देताना मन अडखळले, तर उतारा काढून हिशोब मांडावा. वर्षे उलटल्याने हक्क संपत नाही. जमीन देणे शक्य नसेल, तर बहिणीच्या संमतीने आजच्या भावाने मोबदला द्यावा. जे वडील हयात आहेत, त्यांनी आपल्या मुलांना ही गोष्ट आजच समजावून सांगावी.

सबबीने कृत्याचे रूप बदलते. अल्लाहच्या तराजूत त्याची किंमत बदलत नाही. तो आपणा सर्वांना स्वतःशी खरे बोलण्याचे आणि हक्कदारांचे हक्क देण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.