नाव ओढणाऱ्यांची वाट

ज्या वाटेवर मोटारीला प्रवेश नाही, ती वाट केवळ तेवढ्याने निर्दोष ठरते काय? प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात, एका कालव्याच्या काठाने सायकलवरून जात असताना तो मनात आला आणि अद्याप तिथून हललेला नाही.

नाँत शहरापासून ब्रेस्तच्या दिशेने जाणारा हा कालवा ३६४ किलोमीटर लांब आहे. त्याचा बराचसा भाग म्हणजे बांध घालून आणि दरवाजे बसवून नौकावहनास योग्य केलेल्या नद्याच. काठाने अखंड वाट आहे. तिच्यावर डांबर क्वचितच. बहुतेक ठिकाणी बारीक खडी नि मुरूम दाबून बसविलेला. अशा वाटांना फ्रान्समध्ये 'व्हुआ व्हेर्त', म्हणजे हरित वाट, असे म्हणतात. २००४ साली ही संज्ञा तेथील वाहतूक नियमावलीत दाखल झाली. पादचारी, घोडेस्वार आणि इंजिन नसलेली वाहने, एवढ्यांसाठीच ही वाट राखून ठेवलेली.

पाँतिव्ही गावाहून जोसलँपर्यंतचा टप्पा मी एका सप्टेंबरात केला. आधी चढण, मग उतार. आणि दोन्हींवर लॉकच्या जणू पायऱ्या. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची कोठी. तिच्यात पाणी भरून वा सोडून नाव वर चढवायची किंवा खाली उतरवायची. प्रत्येक कोठीशेजारी एकाच साच्यातून काढल्यासारखे रखवालदाराचे छोटे घर. रहदारीच्या रस्त्यावर सायकल चालविणाऱ्याच्या पाठीला जणू कान फुटलेले असतात. मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा अंदाज तो पाठीने घेत असतो. येथे तासाभराने ते कान मिटले. चाकाखाली खडीची करकर, पाण्यात एखाद्या बगळ्याची सावली, आणि काही नाही. मी स्वतःशी म्हटले, शांती ती हीच.

रोआँ गावापासून थोड्या अंतरावर तिमादेकचा मठ आहे. १८४१ साली त्रापिस्त संन्याशांनी तो स्थापन केला. त्या नावाने मी थोडा ओशाळलो. त्रापिस्तांचे मौन म्हणजे नियमाने, कष्टाने आणि आयुष्यभराच्या संमतीने मिळविलेली गोष्ट. माझी शांती मला वाटेच्या तोंडाशी रोवलेल्या एका लाकडी अडसराने दिली होती. इतरांना बाहेर ठेवून मिळालेल्या शांतीवर माझा हक्क कितपत?

आणि ही वाट तरी कोणाची? हा कालवा सायकलस्वारांसाठी खणलेला नाही. इंग्रज आरमाराने समुद्र अडविला तर ब्रेस्तच्या लष्करी बंदराला रसद आतून पोहोचावी, या हेतूने नेपोलियनच्या काळात त्याची आखणी झाली. मुळात युद्धाचे काम. ग्लोमेल येथे कालव्याला आपला सर्वोच्च माथा ओलांडावयाचा होता. तिथे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, काही ठिकाणी वीस मीटरहून खोल असा चर १८२३ ते १८३२ या काळात सक्तमजुरीच्या कैद्यांनी खणला. त्यांत सैन्यातून पळालेले आणि आज्ञाभंग केलेले शिपाई होते. आज त्या चरावर झाडांची कमान झाली आहे. देखणी जागा.

पुढे नावा सुरू झाल्या. त्या ओढायला घोडा असला तर घोडा, नसला तर माणूस. छातीवर रुंद पट्टा बांधून, अंग पुढे झोकून, पावलापावलाने नावाडी आपली नाव ओढी. पुष्कळदा त्याची बायको ओढी. मी ज्या मुरुमावरून हवा खात गेलो ती वाट काठाने इतकी सपाट आणि सलग आहे, याचे कारण हे ओढणे होय.

मग आगगाडी आली आणि कालव्याचा धंदा तिने खाल्ला. त्यानंतर मोटार आली आणि खेड्यापाड्यांतील लहान आगगाडी तिने खाल्ली. याच प्रांतात मोर्ले आणि कारे या गावांमधली अरुंद रुळांची गाडी १९६७ साली बंद झाली. त्या रुळांच्या जागीही आता सायकलची वाट आहे. म्हणजे एकाने दुसऱ्याला संपविले, दुसऱ्याला तिसऱ्याने, आणि त्या दोन मृतांच्या अंगणांत आपण विहार करतो आहोत. पाहुण्याला जी निवांत वाट वाटते, ती त्या गावच्या म्हातारीसाठी बाजाराला नेणारी गाडी होती. आता तिला मोटारवाल्याची आर्जवे करावी लागतात.

तरीही हा अपराध सायकलस्वाराच्या माथी मारणे मला पटत नाही. त्याने गाडी बंद पाडली नाही. पडीक राहून काटेरी झुडपांत बुडालेली वाट कोणाच्या तरी उपयोगी पडली, यात वाईट काय? पूर्वजांच्या घामाचे ओझे वाहत कोणी सहलीला जाऊ नये. पण ज्या जागेवर आपण उभे आहोत ती कशी झाली हे ठाऊक नसणे वेगळे, आणि ठाऊक असूनही ती निसर्गाची देणगी आहे असे मानणे वेगळे. दुसरी गोष्ट मला खोटेपणाची वाटते.

रोआँच्या अलीकडे एक घटना घडली. वृद्ध पतिपत्नी समोरून हातात हात घालून चालली होती. मी घंटी वाजविली. बाई दचकली आणि वाटेकडेच्या गवतात, बहुधा खाजकुयलीसारख्या कुठल्याशा झुडपात, उतरली. मी हात उंचावून 'मेर्सी' म्हटले आणि तसाच पुढे निघालो. अर्धा किलोमीटर गेल्यावर ध्यानात आले की ट्रकवाला माझ्याशी जे करतो नेमके तेच मी तिच्याशी केले होते. त्याचा आवाज मोठा, माझा किणकिण, एवढाच फरक. मोटार बाहेर ठेवली म्हणून बळ बाहेर राहत नाही. सर्वांत बलवान गेला की त्याच्या खालचा त्या जागी बसतो, आणि आपण बसलो आहोत हे त्याला कळतही नाही, कारण कालपर्यंत तो स्वतःला दुबळ्यांत मोजत होता.

इव्हान इलिच हे एकेकाळचे कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी १९७३ साली फ्रेंच वाचकांपुढे एक विचार ठेवला. वाहनाचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की समाजातील विषमता वाढते. सायकल मात्र त्या मर्यादेच्या आत राहते. मर्यादा त्यांनी ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास मानली. (योगायोग पाहा, आज युरोपात विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकलींची मदत कायद्याने त्याच वेगाला थांबते.) इलिचांचे बरेचसे मला मान्य आहे. पण त्या म्हातारीच्या दृष्टीने ताशी अठरा किलोमीटरही पुष्कळ होते. मर्यादा आकड्यात नसते. समोर कोण चालते आहे त्यावर ती ठरते.

मुरुमाचेही तसेच. डांबर नको, असा आग्रह धरणारे सायकलस्वार मला भेटले, आणि मीही मनाने त्यांच्याच बाजूचा. पाणी जमिनीत मुरते, वेग आपोआप आवरतो, मातीचा वास राहतो. त्यांची कारणे खरी आहेत. परंतु पावसानंतर त्याच मुरुमाचा चिखल होतो आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला घरी बसावे लागते. आपल्याला ज्या खडबडीत आनंद वाटतो ती दुसऱ्याला भिंत असते, हे आम्ही सोयीस्करपणे सौंदर्याच्या नावाखाली झाकतो.

जोसलँच्या आधी पुन्हा एक अडसर लागला. मोटारसायकल आत शिरू नये म्हणून दोन कठडे एकमेकांना ओलांडतील असे आडवे लावलेले. मधून नागमोडी वळून बाहेर पडायचे. मी सायकल उचलून वळविली. माझ्यामागे तीन चाकांच्या, हातांनी चालविण्याच्या सायकलवर एक मनुष्य येत होता. त्याचे पाय पट्ट्याने बांधलेले होते. त्या कठड्यांतून ते वाहन जाणे शक्य नव्हते. मी आणि आणखी एका वाटसरूने ते दोन्ही बाजूंनी धरले, त्याच्यासकट उचलले आणि पलीकडे ठेवले. त्याने आभार मानले. पुढे असे किती आहेत, मी विचारले. तो म्हणाला, मोजणे सोडून दिले आहे. मग नदीपलीकडे जोसलँच्या किल्ल्याचे बुरूज दिसू लागले आणि तो आमच्यापुढे निघून गेला. उतारावर त्याचा वेग आमच्याहून अधिक होता.